कात्री कुठाय?

"तुमच्याच बाजूला आलो होतो, म्हटलं पाच मिनिटं डोकावून जाऊ. खालीच आहोत, गाडी लावतोय."

फोनवर एवढं ऐकू आलं की घरात जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते. दोरीवरून काढून सोफ्यावर टाकलेले कपडे एका कवेत उचलून बेडरूममध्ये. टीपॉयवरचे कप, पेपर, चण्याची पुडी आणि कुणाचा तरी एकच मोजा, सगळं बेडरूममध्ये. आजोबांची शेकायची पिशवी बेडरूममध्ये, पाठोपाठ खुद्द आजोबा पायजमा बदलायला बेडरूममध्ये. रविवारी चार हाका मारूनही जागचे न हलणारे लोक अशा वेळी न सांगता कामाला लागतात. लिफ्ट वर येईपर्यंत हॉल असा होतो की इथे कुणी राहतं की नाही अशी शंका यावी. पाहुणे आत येतात, "काय छान ठेवलंय हो घर!" म्हणतात. आपण "छे हो, नुसता पसारा आहे" म्हणतो. दोघंही अगदी खरं बोलत असतात, फक्त ती दोन वाक्यं दोन वेगवेगळ्या खोल्यांबद्दलची असतात. इथवर सगळं सुरळीत पार पडतं. मग पाहुण्यांतल्या काकू "जरा हातपाय धुते हं" म्हणून उठतात, आणि बिल्डरने त्यातल्या त्यात बरं बाथरूम नेमकं बेडरूमच्या आत दिलेलं असतं.

फजितीचं सोडा. मला या पळापळीत वेगळीच गोष्ट दिसते. हॉल आवरायला सहा-सात मिनिटं लागली. म्हणजे "या रविवारी नक्की" असं ज्या कामाबद्दल कित्येक रविवार म्हटलं जात होतं, ते काम मुळात सहा-सात मिनिटांचं होतं. आणि ते केलं कुणी? सगळ्यांनी. एरवी तेच काम आठवडाभर घरातल्या एकीच्या नावावर पडून असतं.

आपल्याकडे घर आवरण्याच्या दोनच पद्धती रूढ आहेत. एक ही, पाहुण्यांच्या धाकाची. दुसरी सणांच्या धाकाची. घट बसायच्या आधी घरातलं होतं नव्हतं ते सगळं खाली काढायचं, धुवायचं, पुसायचं आणि पुन्हा वर ठेवायचं. माळ्यावरून पितळी घंगाळ उतरतं, चिंच लावून लख्ख होतं, "केवढं जड आहे हो, आता असं मिळत नाही" एवढं कौतुक ऐकून घेतं आणि परत माळ्यावर जातं. पंचवीस माणसांच्या वरणाचं पातेलं उतरतं आणि चढतं. घरात माणसं चार. पडदे धुतले जातात, पंख्यांची पाती पुसली जातात, कंबर धरते, आयोडेक्सचा वास सुटतो. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची साग्रसंगीत पूजा होते. आणि भाऊबीजेच्या दुपारी बघावं तर फराळाचे डबे, भेटवस्तूंचे कागद, न पेटलेल्या फुलबाज्या, ओवाळणीची ताटं, तोरणाची गुंतलेली वायर असा लवाजमा घेऊन पसारा पुन्हा मुक्कामाला आलेला असतो. अशी वार्षिक धुलाई वाईट असं मी म्हणत नाही. घंगाळालाही हवापालट हवी. पण तिच्या जोरावर उरलेलं वर्ष घर आवरलेलं राहील ही अपेक्षा म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानावर पुढच्या दिवाळीपर्यंत निभावून नेण्यासारखं आहे.

कारण पसारा वर्षाने होत नाही, दिवसाने होतो. तो घरात शिरतो तो "आत्ता इथे ठेवते, मग उचलते" या वाक्याचं बोट धरून. प्रत्येक घरात त्याचं मुख्य ठाणंही ठरलेलं असतं: डायनिंग टेबलाची भिंतीकडची बाजू.

टेबल सहा जणांचं, हौसेने घेतलेलं. जागा पुरेना म्हणून पहिल्याच दिवशी भिंतीला लावलेलं, त्यामुळे त्या बाजूच्या खुर्च्या कायमच्या गॅलरीत. रिकाम्या बाजूला आधी येतात पाण्याचा जग आणि लोणच्याची बरणी. इथपर्यंत ठीक, ती जेवणातलीच माणसं. त्यांच्या आडोशाने मुखवासाचा डबा. त्याला टेकून लाइटचं बिल, "उद्या भरायचंय" म्हणून. बिल त्याच रात्री फोनवरून भरलं जातं, पण कागद टेबलावरच. मग मेडिकलच्या खाकी पाकिटातली गोळ्यांची अर्धी पट्टी, जिचं नाव कापून गेलेल्या अर्ध्या भागावर होतं. आता ती खाताही येत नाही आणि टाकवतही नाही. हळदीचं बोट लागलेली एक लग्नपत्रिका. लग्न यथासांग पार पडलं, त्यांना मुलगी झाली आणि तिच्या बारशाचं निमंत्रण त्याच पत्रिकेवर येऊन पडलं. एका फोनचा चार्जर, जो फोन घरातून कधीच गेला. आणि एक स्क्रू. हा स्क्रू कशाचा आहे ते कुणालाच माहीत नाही, पण तो कशाचा तरी आहे यावर घरात एकमत आहे. हरवू नये म्हणून तो एका वाटीत ठेवलेला आहे, त्यामुळे सहाच्या सेटमधली एक वाटीही गेली. अशा रीतीने टेबल भरतं, आणि घरातले सगळे हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन जेवतात.

जपानच्या मारी कोंदो या बाईंनी यावर उपाय सांगितला होता. २०१४ साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं, २०१९च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि आमच्या सोसायटीतही ठिकठिकाणी कपाटं उपसली गेली. पद्धत अशी की एका जातीच्या सगळ्या वस्तू एका जागी आणायच्या. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किडुकमिडुक, आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. एकेक वस्तू हातात घ्यायची. आनंद झाला तर ठेवायची, नाही झाला तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. रोज थोडं थोडं आवरणं बाईंना मंजूर नाही. एकदाच काय तो निकाल लावा, म्हणजे पुन्हा पुन्हा आवरत बसायला नको, असं त्यांचं सांगणं.

आता हा आनंदाचा निकष आपल्या स्वयंपाकघराला लावून बघा. कुकरची जुनी रिंग हातात घेऊन कुणाला आनंद होणार? पण टाकून बघा बरं! आपला निकष आनंदाचा नाहीच, "लागेल"चा आहे. श्रीखंडाचा डबा लागेल. नारळाची करवंटी लागेल. साडीच्या दुकानातली पिशवी चांगली जाड आहे, लागेल. आइस्क्रीमचा डबा तर लागतोच, आणि फ्रीजर उघडून त्या डब्यात मटारचे दाणे सापडल्यामुळे ज्याचा लहानपणीच जगावरचा विश्वास उडाला नाही असं पोर आपल्याकडे शोधून सापडणार नाही. पिशव्यांची पिशवी दाराच्या मागे खिळ्याला असतेच. २०१८ साली राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा तिच्याकडे बघण्याची घराघरांतली नजर एका रात्रीत बदलली. कालपर्यंत अडगळ होती, ती ठेव झाली. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे टाकलेली वस्तू खरोखरच लागते. नेमकी टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. पूर्वी निदान बोहारीण यायची, जुन्या साड्यांचा गठ्ठा घेऊन त्याबदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची. म्हणजे कपाटातली गर्दी कमी होऊन मांडणीवरची वाढायची, पण घासाघीस करताना तास बरा जायचा.

कोंदोबाईंचं पुढे काय झालं? तिसरं मूल झालं, आणि २०२३च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की आवराआवरीचा नाद आता आपण बराचसा सोडला आहे, घरात पसारा असतो आणि आपला वेळ मुलांना जातो. हे वाचल्यावर मला बाईंविषयी पहिल्यांदाच माया वाटली. वस्तूंचा निकाल एकदाच लावता येतो, माणसांचा नाही. मुलं रोज सकाळी उठतात आणि रोज नव्याने पसरतात.

तेव्हा रोजच आवरायला हवं. हे मुंबईच्या चाळींना पुस्तक लिहून शिकवावं लागलं नव्हतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-दहा माणसं, वर कोर्टाच्या तारखेला गावाहून आलेला एखादा भाऊबंद. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या होऊन खाटेखाली गेल्याशिवाय चहाला बसायला जागा नाही, आणि रात्री ताटं उचलून जमीन पुसल्याशिवाय अंथरूण पडत नाही. खाटेखाली ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, डोक्यावर माळा, भिंतीला खुंट्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, कारण दुसरी जागाच नव्हती. तेव्हाच्या माणसांना किती शिस्त होती असं आज कौतुकाने सांगतात. शिस्त कसली, नाइलाज होता. वळकटी न करणाऱ्या पोराला बाकीचे नऊ जण तुडवूनच पुढे जायचे, मग त्याला सवय लागायची. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतंय, २०२५ साली वरळीत पहिल्या घरांच्या चाव्याही दिल्या गेल्या. मिळायलाच हवीत ती घरं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गॅलरीत झोपून काढल्या त्यांना हक्काची बेडरूम मिळू दे. फक्त माझा आपला एक अंदाज आहे: ५०० फुटांत "आत्ता इथे ठेवते" म्हणायला "इथे" नावाची जागा असते, आणि ती भरायला वर्षही लागत नाही.

शिवाय नव्या घरात बॉक्सचा पलंग येतो. गादीखाली पोटात सामान ठेवायची सोय असलेला. हा पलंग ज्याने शोधून काढला त्याने घरं आवरलेली दिसण्याची सोय केली आणि वस्तू सापडण्याची आशा संपवली. आतली रजई काढायची तर आधी वर झोपलेल्या माणसाला उठवायचं, मग गादी सरकवायची, मग प्लायची फळी उचलायची. एकाने ती डोक्यावर तोलून उभं राहायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत वाकायचं. "दिसली का?" "रजई नाही, पण आपला मिक्सर सापडला!" असे संवाद माझ्या कानांनी ऐकलेत.

बरं, सवय लावून घ्यायची म्हटली तर किती दिवस लागतात? कुणालाही विचारा, एकवीस म्हणून सांगेल. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून जगभर गेला. त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच की नाकाचं वगैरे ऑपरेशन झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीसेक दिवस जातात. म्हणजे हिशेब नव्या नाकाचा होता, ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर टाकण्याचा नव्हता. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं असली साधीच कामं, रोज ठरल्या वेळी करायची. ती विचार न करता आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. खरी गंमत ६६ या आकड्यात नाही. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. २५४ म्हणजे गुढीपाडव्याला धरलेली सवय दत्तजयंती उलटल्यावर अंगवळणी पडणार! आमच्या घरातली मंडळी यातल्या कुठल्या टोकाची आहेत ते सांगायला नको. याच अभ्यासात असंही दिसलं होतं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. मी जेवताना हे सगळं घरी सांगितलं, तर त्यातलं एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

सवयीचं खरं शास्त्र मला लंडनला नव्हे, चाकणला सापडलं. आमचे भावोजी तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. कंपनीतलं "फाइव्ह एस" म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. भावोजी हे संध्या म्हटल्यासारखं एका दमात म्हणतात. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा-पुसा, हे सगळीकडे सारखं ठरवून टाका, आणि अंगी बाणवा. त्यांच्या लाइनवर हत्यारांसाठी एक फळा आहे. दहाचा पाना, बाराचा पाना, पक्कड, हातोडी, प्रत्येकाची आकृती फळ्यावर रंगवलेली. पाना उचलला की मागे त्याची सावली उघडी पडते, आणि शिफ्ट संपताना एक जरी सावली उघडी दिसली तरी भावोजी माणसाला गेटबाहेर सोडत नाहीत. मागितलेली वस्तू अर्ध्या मिनिटात हाताला लागली पाहिजे. जी कामाला लागत नाही तिला लाल चिठ्ठी लावून वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची, मुदतीत कुणी विचारलं नाही तर तिची रवानगी. "अहो, अर्धा वेळ माणसं काम करत नसतात, हत्यार शोधत असतात," असं ते आम्हाला नेहमी समजावून सांगतात, आणि त्यांचं बोलणं अगदी पटण्यासारखं असतं.

हेच भावोजी संध्याकाळी घरी येतात. "अगं, नेलकटर कुठाय?" हा प्रश्न सोफ्यावरून, टीव्हीवरची नजर न काढता येतो. ताई पोळी लाटता लाटता सांगते, "शोकेसचा खालचा ड्रॉवर, डावीकडे, अप्पांच्या जुन्या चष्म्याच्या घरात." अर्ध्या मिनिटाचं काम ती पाच सेकंदांत करते, तेही पाठमोरी. थोड्या वेळाने ड्रॉवरचा आवाज, आणि मग "नाहीये इथे!" ताई गॅस बारीक करते, हात पुसत येते, तोच ड्रॉवर उघडते, तेच चष्म्याचं घर उघडते आणि नेलकटर हातात देते. "इथेच होतं होय?" असं भावोजी म्हणतात, पण अशा सुरात की जणू ते मघाशी तिथे नव्हतंच. नखं कापून झाली की नेलकटर सोफ्याच्या हातावर. ते पुन्हा चष्म्याच्या घरात कसं जातं हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. कंपनीतला फळा भिंतीवर आहे म्हणून सगळ्यांना दिसतो. घरातला फळा ताईच्या डोक्यात आहे. तिथे नेलकटरची सावली आहे, जन्माच्या दाखल्यांची आहे, पंक्चरवाल्याच्या नंबराची आहे, आणि त्या स्क्रूची सुद्धा असेल. ती जोवर बिनचूक उत्तर देते आहे तोवर बाकी कुणाला काही लक्षात ठेवायची सवय लागायचं कारणच नाही.

मी एकदा विचारलंच. "भावोजी, कंपनीत पाना जागच्या जागी जातो, मग घरी काय होतं?"

"तिथे ऑडिट असतं," भावोजी म्हणाले. माणूस खरा आहे.

घरातलं काम कुणाच्या अंगावर पडतं हे सरकारलाही ठाऊक आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली की सहा वर्षांपुढची माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. या ९७ने कुणी हुरळून जाऊ नये. ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी घरात काही ना काही केलं त्यांचीच आहे, आणि असे पुरुष शंभरात २६ निघाले. उरलेले ७४ बहुधा नेलकटर शोधत असावेत. त्यामुळे "रोजच्या छोट्या छोट्या सवयी लावा, घर आपोआप आवरलेलं राहील" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कुणाच्या सवयी? चौघांच्या असतील तर घर खरंच आवरलेलं राहतं. एकीच्याच असतील तर ते घरकामच आहे, फक्त सुट्या पैशांत दिलेलं.

भावोजींचा फळा मी आमच्या घरी लावून पाहिला. आमचा जुना रोग म्हणजे कात्री. ती स्वयंपाकघरात दुधाची पिशवी कापायला निघते, तिथून कुरियरचं खोकं फोडायला हॉलमध्ये जाते, तिथून शाळेच्या प्रोजेक्टला, तिथून गॅलरीतल्या मनी प्लांटला, आणि मग ती नाहीच. "कात्री कुठाय?" ही आमच्या घरातली पहाटेची भूपाळी. मी फ्रिजशेजारच्या भिंतीवर खिळा ठोकला, मार्करने कात्रीची छान आकृती काढली. घरात सगळ्यांना फार आवडली. मुलाने तिला डोळे आणि मिशा काढल्या. मिशीवाली कात्री भिंतीवर राहिली, खरी कात्री फिरतीवर. शेवटी मी बँकेत पेन बांधतात तशी सुतळी घेतली आणि कात्री खिळ्याला बांधून टाकली. तेव्हापासून कात्री जागेवर आहे. कुरियर, प्रोजेक्ट, मनी प्लांट सगळे आपापल्या पायांनी तिच्याकडे येतात. आता आमच्याकडे "कात्री कुठाय?" असं कुणी विचारत नाही. "सुरी कुठाय?" असं विचारतात.

तरीही काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत, आणि त्या काही नव्या नाहीत. टपाल आणि कुरियर दारातच, कचऱ्याच्या डब्याजवळ उभं राहून फोडावं, म्हणजे पाकीट टेबलापर्यंत पोचतच नाही. अंघोळीहून येताना टॉवेल आधी दोरीवर, मग पंख्याखाली बसणं. रात्री ओटा धुऊन, कोरडा करून मगच दिवा मालवावा. अमेरिकेत मार्ला सिली नावाच्या बाईंनी "आधी सिंक चकचकीत करा, बाकीचं मग बघू" एवढ्या एका सल्ल्यापासून सुरुवात करून हजारो बायकांना घर आवरायला लावलं. आपल्याकडे खरकटं रात्रभर ठेवलं तर लक्ष्मी रुसते असं सांगून हेच काम करून घेतलं गेलं. लक्ष्मीचं मला माहीत नाही, झुरळं खूश होतात एवढं नक्की. तिन्हीसांजेनंतर केर काढू नये हाही तसलाच नियम. मिणमिणत्या उजेडात झाडलं तर कानातली कुडी केराबरोबर जायची भीती. ट्यूबलाइटने ते कारण संपवलं, पण त्या नियमामुळे एक वेळ ठरून गेली होती. दिवेलागणीच्या आत खेळणी उचलायची, चपला सरळ करायच्या, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. आता तिन्हीसांजेला आपण लोकलमध्ये लटकत असतो.

एक सवय मात्र न शिकवता प्रत्येक घराला लागलेली आहे. केर-फरशीला पैसे देऊन मावशी ठेवायच्या, आणि त्या साडेनऊला येणार म्हणून सव्वानऊला आपणच कंबर कसायची. कारण जमीनच दिसली नाही तर त्या झाडणार काय? मावशीही पक्क्या असतात. सोफ्याखालून मोजा निघाला तर तो टीपॉयच्या मधोमध ठेवतात, आल्यागेल्याला दिसेल असा. घरात ऑडिट नाही असं भावोजींनी म्हणू नये.

उलट टोकाची घरंही मी पाहिली आहेत. सोफ्याला कव्हर, कव्हरवर टॉवेल, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. तिथे चहाचा शेवटचा घोट घशात असतानाच कप हातातून जातो, आणि आपण उठलो की यजमानीणबाई उशीवरची आपली खूण थोपटून पुसतात. अशा घरी गेलं की मला वाटीतल्या स्क्रूची फार आठवण येते. तेवढं आवरलेलं घर मला नको आणि ते कुणाला साधावं असंही वाटत नाही. पाहुणे खाली गाडी लावत असताना घरातल्यांच्या छातीत धस्स होऊ नये, इतपत पुरे.

त्यासाठी माझ्या मते एकच सवय बास आहे: उठायचं ते रिकाम्या हातांनी नाही. माझी आजी हेच करायची. हॉलमधून आत निघाली की हातात कप, आतून बाहेर निघाली की हातात घडी केलेले कपडे. तिने वेगळं "घर आवरायला घेतलंय" असं मला आठवत नाही. अर्थात तिच्या घरात उठणारी ती एकटीच होती, बाकीचे बसलेले असायचे.

तर आता उठाल तेव्हा समोरचा कप घेऊन उठा. आणि तो तुमचा नसेल, तर ज्याचा असेल त्याला हाक मारा.